गळ्यातली पट्टी आणि कापडाचा देश

कपड्याच्या गळ्याशी किंवा आतल्या शिलाईत जी पट्टी असते, तिच्यावरचा देश म्हणजे बहुधा कपडा शिवला गेला तो देश. कापूस कुठला, धागा कुठे निघाला, कापड कुठे विणले आणि कुठे रंगवले, यांतले काहीही ती पट्टी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारात वस्तूचे मूळ ठरवताना तिच्यात शेवटचा भरीव बदल कुठे झाला ते पाहतात, आणि तयार कपड्याच्या बाबतीत हा बदल म्हणजे बहुतेक वेळा शिलाई. अमेरिकेत १ जुलै १९९६ पासून लागू झालेल्या नियमांनुसार शिवलेल्या कपड्याचे मूळ सर्वसाधारणपणे त्याचे भाग जिथे जोडले गेले तिथले धरतात. कापड कुठे कापले हेही गौण ठरते. प्रत्येक व्यापार करारात या भरीव बदलाची व्याख्या थोडी वेगळी असते. त्यामुळे एकाच सदऱ्याचे मूळ एका कराराखाली एक आणि दुसऱ्याखाली दुसरे निघू शकते.

सुरत जिल्ह्यातला पलसाणा तालुका पाहिला की हे लगेच उमगते. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत, कडोदरा आणि पलसाण्याच्या पट्ट्यात डाईंग-प्रिंटिंगच्या मिला आहेत. सुरतेच्या यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड, म्हणजे व्यापाऱ्यांचे ‘ग्रे’, इथे येते. ते धुतले जाते, जेट मशीनमध्ये रंगते, त्यावर छपाई होते आणि शेवटी स्टेंटरवर ताणून त्याचा पन्हा पक्का केला जातो. मिल बहुधा जॉबवर्क करते: कापड व्यापाऱ्याचे, मिलला मिळते ती मजुरी. पुढे हे ताके सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारातून नाशिक, जळगाव, दिल्ली, कोलकात्याला जातात. कापडाला रूप देणारे सगळे काम सुरत आणि पलसाण्यात झालेले असते, पण यातलाच एखादा ताका दुबईत नेऊन शिवला, तर गळ्यातल्या पट्टीवर सुरत तर नाहीच, भारतही राहत नाही.

उलट दिशेनेही हेच घडते. भारताने २०११ मध्ये बांगलादेशातून येणाऱ्या जवळजवळ सर्व मालावरचे आयात शुल्क साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारांतर्गत काढून टाकले. त्यासाठीची अट अशी की वस्तूचा चार अंकी शुल्क-वर्ग बदललेला असावा आणि बांगलादेशासारख्या अल्पविकसित देशात किमान ३० टक्के मूल्यवर्धन झालेले असावे. कापडाचा कपडा झाला की वर्ग आपोआप बदलतो. त्यामुळे चिनी कापडाचे ढाक्यात शिवलेले शर्ट कायदेशीररीत्या बांगलादेशी ठरून विनाशुल्क येऊ शकतात, आणि भारतीय कापड उद्योगाची तक्रार हीच आहे. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी, व्यापारात ज्यांना ‘कॅरोटार’ म्हणतात, सवलत मागणाऱ्या आयातदारावर मूळ देशाची माहिती स्वतःजवळ ठेवण्याची जबाबदारी टाकली. कस्टम्सने विचारले तर त्याला ती दाखवावी लागते. दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला मात्र यातले काही दिसत नाही.

शिलाईचा देश खरा आणि कच्च्या मालाचा खोटा, असेही होते. २०१६ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीने वेलस्पन इंडियाशी व्यवहार तोडला, कारण इजिप्शियन कॉटन म्हणून विकलेल्या चादरींत दुसराच कापूस वापरल्याचे आढळले. त्या चादरी भारतात बनल्या होत्या याबद्दल वाद नव्हता.

याहून मोठा गोंधळ कापडाच्या जातींच्या नावांचा. अमेरिकन क्रेप, फ्रेंच क्रेप, इटालियन सिल्क, जपान साटीन ही सुरतेच्या बाजारात पॉलिस्टर कापडाची रोजची नावे आहेत. त्यांचा त्या देशांशी संबंध नाही आणि सचोटीचा व्यापारी तसा दावाही करत नाही. ‘इम्पोर्टेड’ हा शब्द मात्र दावा आहे, आणि तिथूनच फसवणूक सुरू होते.

प्रस्तुत लेखकाचे नाशिकला तयार कपड्यांचे दुकान आहे. सुरतेच्या एका व्यापाऱ्याने कोरियन कापडाचे, कोरियातच शिवलेले म्हणून टॉप दिले. दर साध्या मालाच्या जवळजवळ दुप्पट. गळ्यात कोरियाचे नाव विणलेली देखणी पट्टी होती. आयातीची कागदपत्रे लेखी मागितली होती. पुढच्या पार्सलबरोबर पाठवतो, असे प्रत्येक वेळी उत्तर आले. बिलावर ‘लेडीज टॉप’ आणि मालाच्या वर्गाचा एचएसएन क्रमांक, बाकी काही नाही. राहिलेला माल लवकर हवा होता, म्हणून व्यापाऱ्याने स्वतःच पलसाण्याजवळच्या एका युनिटमधून तो उचलायला सांगितले. तिथे पॅकिंगच्या टेबलावर तेच टॉप पडले होते, तोच रंग, तीच छपाई, आणि गळा मोकळा. शेजारी पट्ट्यांचे तीन रोल: एकावर कोरिया, एकावर थायलंड, एकावर तुर्कस्तान. पट्टी लावणाऱ्या खानदेशी बाईला विचारले तेव्हा तिने सरळ सांगितले, “दादा, पार्टीची चिठ्ठी येते. चिठ्ठीत जे नाव असतं ते आम्ही लावतो.” तिचा यात काडीचाही दोष नव्हता. जास्त दर देऊन दुकानात नेलेला सगळा माल तिथेच, त्या टेबलाच्या आसपास शिवलेला होता.

व्यापाऱ्याचे वागणे त्याहून चीड आणणारे. आधी त्याने फोन घेतला नाही. मग म्हणाला, “शेठ, गिऱ्हाईक नाव वाचतं, कापड कोण बघतं? तुम्हीही वरच्या भावानेच विकलंत ना?” विकले, ते त्याच्या शब्दावर, आणि कागद मागून. माल परत घ्यायला त्याने नकार दिला, बाजारात गेलेला माल परत येत नाही म्हणून. नाशिकच्या ज्या गिऱ्हाइकांना हे टॉप कोरियन म्हणून गेले होते, त्यांना बोलावून फरक दुकानाने भरून दिला. व्यापाऱ्याने एक रुपयाही सोसला नाही. त्याचे दुकान आजही चालू आहे.

अशा खोट्या पट्ट्यांना कायद्यात जागा नाही. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आयात केलेल्या पॅकबंद मालावर मूळ देश आणि आयातदाराचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. उघड्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना २०२२ मध्ये काही घोषणांतून सूट मिळाली, पण नाव-पत्ता, माप आणि कमाल किरकोळ किंमत द्यावीच लागते. ऑनलाइन विक्रीत २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मूळ देश दाखवणे बंधनकारक केले. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ मध्ये माल कुठे बनला याचे खोटे वर्णन हा गुन्हा आहे. कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

म्हणून परदेशी म्हणवणारा कपडा हातात आला की देशाच्या नावाआधी आयातदाराचे नाव आणि भारतातला पत्ता शोधावा. तो नसेल तर एकतर माल परदेशी नाही, किंवा नियम मोडून आलेला आहे. घाऊक खरेदीत बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सकडे भरलेल्या आयात-नोंदीची, प्रत मागावी आणि त्यातला माल, नग व शुल्क-वर्ग आपल्या पार्सलशी ताडून पाहावा. विणीचे कपडे ६१ व्या प्रकरणात येतात, मागावरच्या कापडाचे ६२ व्या. प्रत ‘नंतर’ मिळणार असेल तर पैसेही नंतरच द्यावेत. बिलावर ‘कोरियात बनलेले’ असे शब्द लिहून घ्यावेत. जो व्यापारी तोंडाने बोलतो आणि बिलावर लिहायला कचरतो, त्याच्याकडून आयात माल घेऊ नये.

बारकोडवर विसंबू नये. ८९० ने सुरू होणारा क्रमांक बारकोडचे क्रमांक देणाऱ्या भारतातल्या जीएस१ संस्थेकडे नोंदणी झाल्याचे दाखवतो, ६९० ते ६९९ चीनच्या संस्थेकडे. माल कुठे बनला हे त्यातून ठरत नाही. एक्स्पोर्ट सरप्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर कधी ‘आरएन’ आणि आकडे असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या खुल्या नोंदीत ते टाकले की तिथल्या कंपनीचे नाव निघते, कारखान्याचे नव्हे. बाकी कापड हाताने पाहावे, शिलाई तपासावी, ओळखीच्या दुकानातून घ्यावे, हे सगळे ठीकच. पण हाताला पॉलिस्टर कळते, त्याचा देश कळत नाही.

देशांतर्गत मूळ हवे असेल तिथे पट्टीपेक्षा खुणा भरवशाच्या: हातमागासाठी २००६ पासूनचा हँडलूम मार्क. सिल्क मार्क मात्र रेशीम शुद्ध असल्याचेच सांगतो, त्याचे मूळ नव्हे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागून-पुढून सारखीच नीट दिसते, तर यंत्रमागावरच्या साडीच्या पाठीमागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

फसवणूक झालीच तर घरच्या वापरासाठी घेणाऱ्याला १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. लेबलाच्या घोषणांबाबत महाराष्ट्रात वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे जावे. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा दुकानदार मात्र ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत सहसा बसत नाही, आणि बनावट लेबलांचा धंदा करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. अशा दुकानदारासाठी माल विक्री कायदा, १९३० चे कलम १५ आहे: वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. दाव्याची मुदत तीन वर्षे. दिवाणी न्यायालयात वर्णन सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी बिल, मेसेज, ऑर्डरचा कागद आणि पट्टीसकट न विकलेले नग जपून ठेवावे लागतात.