रोजच्या चाळीस किलोमीटरची गाडी

सांगली

चि. मधुरा हिस,


ताईचा फोन आला होता. वारजे ते हिंजवडी रोज स्वतःच्या गाडीने जायचं तू ठरवलंस आणि सगळ्यांत जास्त मायलेज देणारी गाडी कोणती, ते मामाला विचार म्हणालीस. फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

आधी हिशोब. ऑफिस आणि इकडचं-तिकडचं फिरणं धरून महिन्याला १००० किलोमीटर होतील. पेट्रोल १०५ रुपये लिटर धर. ११० सीसीची स्कूटर गर्दीच्या रस्त्यावर लिटरला ४५ च्या आसपास देते, म्हणजे महिन्याला साधारण २३०० रुपये. स्प्लेंडरच्या जातीची १०० सीसीची मोटरसायकल ६५ देते, तिला १६०० लागतील. स्कूटरचा बेल्ट आणि व्हेरिएटर बरीच ताकद खातात, म्हणून हा फरक पडतो. वर्षाला साडेआठ हजार वाचतात आणि ते विचारात घ्यायलाच हवेत. पण ६५ देणारी आणि ६० देणारी यांच्यातला फरक महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपयांचा आहे. तेवढ्यासाठी ब्रेक आणि टायर यांत तडजोड करू नकोस. जाहिरातीतला आकडा ठरावीक चाचणीतला असतो. चांदणी चौकातली गर्दी, मागे बसलेली मैत्रीण आणि हवा कमी असलेला टायर त्या चाचणीत नसतात.

आता तुझा रस्ता बघ. वारज्यातून निघालीस की बावधन, सूस, बाणेर, वाकड असा बायपास. शेजारून कंटेनर जातात, त्यांच्या वाऱ्याने हलकी गाडी डगमगते. पावसाळ्यात सर्व्हिस रोडला खड्डे पडतात आणि पाणी साचलं की त्यांची खोली कळत नाही. बऱ्याच स्कूटरचं मागचं चाक १० इंचांचं असतं, ते खड्ड्यात उतरतं. मोटरसायकलचं १७-१८ इंचांचं चाक त्याच खड्ड्यावरून निघून जातं. ‘मुलीला स्कूटरच बरी’ असं घरात सगळे म्हणतील. मला ते पटत नाही. गाडी रस्ता बघून घ्यायची असते, आणि हा रस्ता मोठ्या चाकाचा आहे.

माझं मत १२५ सीसीच्या मोटरसायकलला. शाइन, एसपी १२५, रेडर, यांपैकी जी तुला बसायला सोयीची वाटेल ती. लिटरला ५५ धरलं तर १०० सीसीपेक्षा महिन्याला तीनशे रुपये जास्त जातील. पण बायपासवर ट्रकच्या मागून बाहेर पडायला जो जोर लागतो तो तिच्यात आहे, तिथे हात आखडू नकोस. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, एवढं बघ. वाकडच्या गर्दीत सारखा क्लच दाबून मनगट दुखेल, हे खरं आहे, आणि लॅपटॉपची बॅग पाठीवरच राहील. मनगट किंवा पाठ यांचं दुखणं असेल तर मात्र स्कूटर घे, पण पुढचं चाक १२ इंचांचं आणि इंजिन १२५ चं बघून.

पुढे डिस्क ब्रेक असलेलंच मॉडेल माग. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं आहे. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडाथोडा लागतो, आणि एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होत नाही. पण ब्रेक लावला की वजन पुढे येतं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. तिथे ड्रमवर भागवून चार-पाच हजार वाचवण्यात काही अर्थ नाही. टायर ट्यूबलेस असू दे. पंक्चर झालं तरी हवा हळू जाते, आणि बायपासवर तो वेळ फार मोलाचा असतो.

इलेक्ट्रिकचाही विचार कर. एका युनिटमध्ये पंचवीस-तीस किलोमीटर जातात, म्हणजे दहा रुपये युनिट धरलं तरी महिना चारशेच्या आत-बाहेर. पण पार्किंगमध्ये तुझ्या मीटरवरचा प्लग हवा, आणि त्याला घरमालक आणि सोसायटी दोघांचीही लेखी परवानगी. भाड्याच्या घरात ती मिळत नसेल तर तो नाद सोड.

विनाकारण सगळ्यांत जास्त पैसे जातात ते कर्जात. शोरूममधला माणूस तुला फक्त हप्ता सांगेल. तू व्याजाचा दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हे विचार. ८०,००० रुपये, १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं, म्हणजे २४,००० व्याज. फेडलेल्या रकमेवरही व्याज चालूच राहतं, त्यामुळे खरा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. वर मी जी साडेआठ हजारांची बचत काढली, तशी पावणेतीन वर्षांची बचत या एका कागदावर संपते. तेव्हा निम्मे पैसे रोख भर. लागले तर मी देतो, संकोच करू नकोस, सावकाश परत कर. २०२५ च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. किंमत त्याप्रमाणेच लावली आहे ना, ते बघ.

टेस्ट राइड शोरूमच्या गल्लीत घेऊन ठरवू नकोस. ओळखीत कोणाची गाडी मिळाली तर सकाळी नऊच्या सुमारास, बॅग पाठीवर घेऊन, ऑफिसपर्यंत एकदा जाऊन ये.

आयएसआयचं हेल्मेट स्वतः डोक्याला बसवून घे, गाडीबरोबर फुकट मिळालं म्हणून तेच वापरू नकोस. कोटेशन मिळालं की फोटो पाठव. विमा, आरटीओ, अ‍ॅक्सेसरीज वेगवेगळ्या ओळींत लिहून माग. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचाच आहे, पण क्रॅश गार्ड, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग यांतलं काय घ्यायचं ते आपण दोघं बसून ठरवू. तोवर बुकिंगचे पैसे भरू नकोस.

तुझा,
मामा