किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार : घरी घ्यावयाची काळजी

मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवर, हिंगोली-वाशीम मार्गावर कनेरगाव नाका हे गाव वसले आहे. येथील एखाद्या रुग्णास अवटु ग्रंथीच्या, म्हणजेच थायरॉईडच्या विकारासाठी किरणोत्सर्गी आयोडीन घ्यावयाचे असेल, तर त्याला मोठ्या शहराची वाट धरावी लागते. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'रेडिएशन मेडिसिन सेंटर' १९६३ साली स्थापन झाले. उपचार रुग्णालयात होतो. त्यानंतरची काळजी मात्र घरी घ्यावी लागते. अशा वेळी दोन चुका संभवतात : एक निष्काळजीपणाची, दुसरी अकारण भीतीची.

उपचाराचे स्वरूप

अवटु ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेते. तिच्या याच गुणधर्माचा येथे उपयोग केला जातो. आयोडीन-१३१ मधून निघणारे बीटा कण फार दूर जात नाहीत. ते ग्रंथीतील रोगट पेशी जागच्या जागी नष्ट करतात. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर पडतात. ग्रंथीने न शोषलेले आयोडीन मुख्यतः लघवीवाटे आणि अल्प प्रमाणात लाळ व घाम यांवाटे बाहेर पडते. म्हणून अंतर आणि स्वच्छता या दोन गोष्टींना महत्त्व आहे.

काळ हाही मोठा साहाय्यक आहे. या आयोडीनचे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे आहे. ८ दिवसांनी ते निम्मे, १६ दिवसांनी पाव आणि २४ दिवसांनी अष्टमांश उरते. शरीरातून तर ते उत्सर्जनामुळे याहूनही लवकर कमी होते.

प्रवास आणि घर

ग्रंथीच्या अतिक्रियाशीलतेसाठी दिलेली मात्रा लहान असल्याने रुग्ण बहुधा त्याच दिवशी परततो. कर्करोगासाठी मात्रा मोठी असते, म्हणून रुग्णास काही काळ स्वतंत्र कक्षात ठेवतात. गाव दूर असल्यास प्रवासाचा विचार निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून करावा. एस. टी. अथवा रेल्वेत गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्याशेजारी बसू नये. अंतर एक मीटरऐवजी दोन मीटर ठेवले, तर किरणांची तीव्रता सुमारे एक-चतुर्थांश होते.

घरी आल्यावर रुग्णाने वेगळे अंथरूण घ्यावे. भरपूर पाणी प्यावे. उघड्यावर न जाता शौचालयाचाच वापर करावा. पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, नंतर दोन वेळा पुरेसे पाणी ओतावे आणि साबणाने हात धुवावेत. ताट, तांब्या व पंचा स्वतंत्र ठेवावा. कपडे वेगळे धुवावेत. भांडी फेकून देण्याचे कारण नाही. स्वच्छ धुतल्यावर ती पुन्हा वापरता येतात. इतरांसाठी स्वयंपाक करणे काही दिवस टाळावे. हे नियम किती दिवस पाळावयाचे, हे मात्रेवर अवलंबून असते; म्हणून रुग्णालयाने लिहून दिलेली मुदतच प्रमाण मानावी.

माता आणि बालके

गरोदर स्त्रीस हा उपचार देत नाहीत, कारण गर्भाच्या अवटु ग्रंथीस इजा होऊ शकते. अंगावर पाजणाऱ्या मातेने उपचारापूर्वीच, डॉक्टर सांगतील तेव्हा, स्तनपान थांबवावे. त्या बालकास ते पुन्हा सुरू करता येत नाही. पुढील अपत्यास मात्र पाजता येते. उपचारानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी. पुरुष रुग्णांनीही याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तान्ह्या मुलास ठरलेल्या मुदतीत आजी, मावशी किंवा आत्या यांनी सांभाळणे हीच त्या मातेस खरी मदत होय.

गावाचे कर्तव्य

हा रोग संसर्गजन्य नाही आणि हे अंतर म्हणजे विटाळ नव्हे. ठरलेली मुदत संपल्यावर रुग्णाने पंक्तीत बसावे, नातवंडांना मांडीवर घ्यावे. रुग्ण शिक्षक अथवा अंगणवाडी सेविका असेल, तर वैद्यकीय पत्रकानुसार रजा मंजूर करावी आणि मुदतीनंतर त्यांना निःशंकपणे कामावर रुजू होऊ द्यावे. घरात शौचालय किंवा वेगळी खोली नसेल, तर ग्रामपंचायत सदस्यांनी तेवढ्या दिवसांची सोय करून द्यावी. मुदतीपूर्वीची ढिलाई आणि मुदतीनंतरचा दुरावा, ही दोन्ही टाळली तरच उपचार पूर्णत्वास गेला असे म्हणता येईल.