सोयीची नोकरी म्हणून प्राध्यापकी निवडू नका

दरसाल निकाल लागले, की मालवण, देवगड, वेंगुर्ले या बाजूचे पालक मुलीविषयी एकच प्रश्न घेऊन येतात, आणि त्याचे उत्तरही त्यांनी घरीच ठरवलेले असते : "चेडवाक प्राध्यापक करूया, घर पण सांभाळूक गावतला." वैद्यकी, अभियांत्रिकी, स्पर्धापरीक्षा यांविषयी विपुल लिहिले गेले आहे, त्यांची पुनरुक्ती येथे करीत नाही. परंतु विद्याव्यासंग म्हणजे संसारातून उरलेल्या वेळेत उरकण्याचा उद्योग, ही समजूत मुलींचे अपरिमित नुकसान करते.

पदव्युत्तर परीक्षा, नेट वा सेट, पीएच.डी. आणि कायम नेमणुकीची वाट पाहत तासिका तत्त्वावर काढलेली वर्षे, हा सारा काळ नेमका विवाहाच्या आणि बाळंतपणाच्या वयातच येतो; आणि जितक्या तासिका तितकेच मानधन, अशा व्यवस्थेत पाळण्याजवळ घालवलेल्या प्रत्येक दिवसाचा हिशेब त्या तरुणीच्याच पदरातून वळता होतो. याला सोय म्हणणारा गृहस्थ एक तर अनभिज्ञ असतो किंवा मुलीच्या बुद्धीविषयी बेफिकीर.

इरावती कर्वे यांचे चरित्र पालकांनी अवश्य पाहावे. ज्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, त्यांनाही सुनेने शिक्षणासाठी जर्मनीस जावे हे रुचले नव्हते. तो विरोध असताना तिच्या पाठीशी उभे राहिले ते पती दिनकरराव, आणि १९३० साली बर्लिनची डॉक्टरेट इरावतीबाईंनी संपादन केली. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. धाकटी कन्या, पुढे लेखिका म्हणून ख्यातनाम झालेल्या गौरी देशपांडे, यांचा जन्म १९४२ चा. आणि भारतातील आप्तसंबंधांवरील इरावतीबाईंचा प्रमुख ग्रंथ १९५३ साली, तर 'युगान्त' १९६७ साली प्रसिद्ध झाला. तीन अपत्यांच्या या मातेचे श्रेष्ठ लेखन तिच्या वयाच्या अठ्ठेचाळिशीत आणि बासष्टीत प्रकट झाले. सत्ताविशीत मूल झाले म्हणून मुलीचे प्रबंधाचे कागद माळ्यावर टाकणाऱ्यांनी हे सनावळीसह ध्यानी घ्यावे.

आता एक उपेक्षित वाट. मुलींनो, संशोधनाचा विषय पुण्या-मुंबईतच शोधला पाहिजे असे नाही. १९८७ साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य, सिंधुदुर्ग किल्ल्यानजीकची प्रवाळे, रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यातील जुना तंटा, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातील काजू, हे सारे तुमच्या दाराशी आहे. पलीकडे गोव्यात दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. क्षेत्रकार्य माहेरच्या टापूत असेल, तर तान्ह्या मुलाला आजीपाशी ठेवून ओहोटीच्या वेळी किनारा गाठता येतो, आणि असा विषय हा दुय्यम विषय मुळीच नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या मुदतीत स्त्रियांना दोन वर्षांची अधिक सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळू शकते; सहायक प्राध्यापकपदाच्या नेटला कमाल वयाची अटही नाही. तेव्हा पालकांनो, लग्नाची बोलणी करताना मानपानाआधी मूल कोण सांभाळणार हे जावयालाच समक्ष विचारा, आणि रजेची वेळ आली, की मार्गदर्शकांच्या तोंडी होकारावर न विसंबता लेखी अर्ज देऊन त्याची पोच मुलीला स्वतःजवळ ठेवायला सांगा.