मॉनिटर अंधुक झालाय? नवा घेण्याआधी एवढं करा



गेल्या महिन्यात हप्त्यांची नोंद तपासताना मी स्क्रीनवरचे ३०० रुपये ८०० वाचले. ताईच म्हणाल्या, "अगं, एवढे मी भरलेच नाहीत!" मला वाटलं, चष्मा लागला. पण दोष कार्यालयातल्या जुन्या मॉनिटरचा होता. नव्याचा ठराव बैठकीत येणार होता, त्याआधी आम्ही थोडी खटपट केली. तुम्हीही करून बघा.

अंधुक का होतो?
जुन्या सपाट मॉनिटरच्या पडद्यामागे ट्यूबलाइटसारख्या बारीक नळ्या असतात. अक्षरं पडद्यावर उमटतात, उजेड मात्र या नळ्यांचा. घरातली ट्यूब जुनी झाली की मंदावते ना, तसंच यांचं होतं. पडदा पिवळट दिसायला लागतो. नव्या मॉनिटरमध्ये एलईडी असतात, त्यांचाही उजेड हळूहळू कमी होतो.

क्रमाने करा
१. मॉनिटर बंद करून प्लग काढा. मऊ सुती कापड जेमतेम ओलं करून हलक्या हाताने पुसा. पाणी थेट पडद्यावर मारू नका. काच पुसायचं लिक्विडही नको.
२. पडदा सुकल्यावर चालू करून दहा मिनिटं थांबा. जुन्या नळ्या तापल्यावरच पूर्ण उजेड देतात.
३. मॉनिटरच्या बटणाने मेनू उघडा, ब्राइटनेस वाढवा. 'इको' किंवा वीजबचत चालू असेल तर बंद करा.
४. खिडकीचा उजेड पडद्यावर येत असेल तर टेबल फिरवा.
५. पडदा काळाच असेल तर टॉर्च तिरकी धरा. अक्षरं पुसट दिसली, तर फक्त उजेडाचा भाग बिघडलाय. दुरुस्तीवाल्याला तसंच सांगा.

हे करू नका
मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असू शकते, झटका बसेल. नळ्यांमध्ये थोडा पारा असतो, म्हणून मॉनिटर फोडू नका. निकामी झाला तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या.

आमच्याकडे 'इको' चालू निघालं! ते बंद केलं, धूळ पुसली, टेबल फिरवलं. नव्यासारखा झाला नाही, पण ३ आणि ८ वेगळे दिसतात. खरेदीचा ठराव तूर्त थांबवला. तुमच्याकडे यातून फरक पडला नाही, तर दुरुस्तीचा खर्च लेखी घ्या, नव्याच्या किमतीशेजारी ठेवा आणि सगळ्यांनी मिळून ठरवा. पैसा गटाचा आहे.

आणि एक सवय लावा: नोंद झाली की आकडा मोठ्याने वाचा, ताईंच्या पासबुकाशी जुळवा. मॉनिटर कितीही चांगला असला तरी!