रिकाम्या पीसीचा ताप

नागपुरातल्या मे महिन्यात माणूसच तापलेला असतो, तिथे प्रोसेसरचं काय घेऊन बसलात! पण माझ्या डीटीपीच्या टेबलाखालचा पीसी काही काम नसतानाही मध्येच घरघरायचा, दोन-तीन सेकंदांत गप्प व्हायचा आणि पुन्हा सुरू. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं तर आकडा 46 अंश, लगेच 61, मग 50. क्लॉक स्पीड 2.2 गिगाहर्ट्‌झवरून थेट 4.2 वर. ब्राउझरसुद्धा बंद होता.

दुकानदाराने मोबाइलवर स्क्रीनशॉट पाहिला आणि निदान केलं: प्रोसेसरवरची पेस्ट वाळलीय, खोक्यातला कूलर पुरत नाही, मोठा घ्या. मोठा आला. खालचा आकडा चार-पाच अंशांनी उतरला, उड्या मात्र होत्या तशाच.

त्या थांबणारही नव्हत्या. माझा प्रोसेसर 2019 साली आलेला रायझन 5 3600. त्याचे सहा कोर जेमतेम 74 चौरस मिलिमीटरच्या चिपवर बसलेत. बारीकसं काम आलं की एखादा कोर पूर्ण वेगाने ते उरकतो आणि झोपी जातो; रेंगाळत करण्यापेक्षा यात वीज कमी लागते, म्हणून रचनाच तशी आहे. एवढ्याशा जागेत उठलेली उष्णता कूलरच्या पत्र्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि सेन्सर तर सगळ्यात गरम जागेचाच आकडा सांगतो. म्हणून डोळ्याचं पातं लवेपर्यंत दहा-पंधरा अंश वाढतात आणि तितक्याच झटपट उतरतात.

शिवाय आपण कीबोर्डवरून हात काढला की विंडोजला उत्साह येतो. फायलींची सूची करणं, व्हायरस तपासणं, अपडेट उतरवणं ही कामं ते मुद्दाम अशाच वेळी काढतं. गंमत म्हणजे तापमान बघणारं सॉफ्टवेअरही कोरला दर सेकंदाला जागं करतं. मी ते पाच सेकंदांवर नेलं आणि उड्या लगेच विरळ झाल्या. एचडब्ल्यूइन्फो या अशाच सॉफ्टवेअरमध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक' नावाचा रकाना आहे, तो जरूर बघा. शेजारी 4.2 गिगाहर्ट्‌झ दिसत असताना तिथे काही वेळा शंभर मेगाहर्ट्‌झही नसतात, म्हणजे कोर बहुतेक वेळ झोपलेलाच.

खोलीचं तापमानही धरायला हवं. हवेवर चालणारा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. खोलीत 38 असताना चिप 50 वर असेल तर बिघडलं काय? डिसेंबरातल्या आकड्याशी मेची तुलना करू नका.

घरघरीचा इलाज फुकटात झाला. बायोसमध्ये फॅनचा वेग साधारण 65 अंशांपर्यंत सपाट ठेवला आणि वाढण्याआधी काही सेकंद थांबायला लावला. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर असेल तर 'बॅलन्स्ड'वर आणा. पहिल्यात वेगाची किमान मर्यादाच 100 टक्के असते, मग क्लॉक उतरणार कुठून?

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची. काम नसताना आकडा 75-80 वर ठाण मांडून बसला, किंवा टास्क मॅनेजर उघडताच तापमान आणि फॅन एकदम शांत झाले, तर लपून चालणाऱ्या क्रिप्टो-मायनरचा संशय घ्या. त्यातले काही टास्क मॅनेजर दिसताच दडी मारतात. आणि जड काम करताना आकडा मर्यादेला भिडून (माझ्या चिपची 95, बऱ्याच इंटेलची 100) क्लॉक मूळ वेगाच्याही खाली येत असेल, तर मात्र धूळ, पेस्ट आणि कूलरचे स्क्रू तपासायलाच हवेत.

म्हणून खिशात हात घालण्याआधी पीसीला पंधरा-वीस मिनिटं जड काम द्या, तेव्हाचं तापमान आणि क्लॉक कागदावर लिहा आणि तो कागद दुकानात न्या. रिकाम्या पीसीच्या एका स्क्रीनशॉटवरून जो कूलर विकायला काढतो, त्याचं दुकान सोडून पुढच्या दुकानात जा.