छोट्या शिक्षणसंस्थांची वर्गणी आणि नवी साधने

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहास हा पुष्कळ अंशी वर्गणीचा इतिहास आहे. संस्थानिकांचा आश्रय, धनिकांची दातृत्वबुद्धी व शासनाचे अनुदान यांचा वाटा त्यात मोठा आहेच. तथापि ज्या संस्था टिकल्या, त्यांच्या मुळाशी बहुधा पावतीपुस्तक घेऊन हिंडणारा एखादा माणूस आढळतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाचे कार्य १८९६ मध्ये आरंभिले. त्यापूर्वीच आपल्या गावासाठी, गावाबाहेर नोकरी करणाऱ्या मुरूडकरांकडून वर्गणी गोळा करून, त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला होता. महिला विद्यापीठास १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेली १५ लाख रुपयांची देणगी सर्वांच्या स्मरणात असते. परंतु त्यानंतर १६ वर्षांनी, १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी हेच अण्णासाहेब पुन्हा आण्या-रुपयांची वर्गणी मागत दारोदार फिरले, याची आठवण तितकीशी ठेवली जात नाही. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहेही कर्मवीर भाऊराव पाटील यांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या धान्यावर व विद्यार्थ्यांच्या श्रमावर चालविली.

आज तालुक्याच्या गावी एखादी अभ्यासिका, बालवाडी, फिरते वाचनालय किंवा मुलींचे लहानसे वसतिगृह चालविणारी संस्था पाहिली, तर तिच्यापुढील प्रश्न मूलतः तोच असल्याचे दिसून येईल. वार्षिक खर्च तीन-चार लाखांचा, अनुदान नाही, कार्यकर्ते चार-पाच. अशा संस्थांना अलीकडे दोन सल्ले हमखास मिळतात. कंपन्यांचा निधी आणा, हा पहिला. आणि संस्था ‘डिजिटल’ करा, हा दुसरा. दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत, परंतु दोन्ही अपुरे आहेत. वर्गणी मागण्याचे कौशल्य आणि संगणक हाताळण्याचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे समजले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. छोट्या संस्थेच्या दृष्टीने ही दोन्ही कौशल्ये एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण म्हणजे वर्गणीदारांची नोंदवही होय.

नोंदवहीचे महत्त्व

समजा, एका अभ्यासिकेचा वार्षिक खर्च ३ लाख ६० हजार रुपये आहे. दरमहा १०० रुपये देणारे ३०० वर्गणीदार मिळाले, तर हा खर्च निघतो. तालुक्याच्या गावात व तेथून पुण्या-मुंबईस गेलेल्या मंडळींत मिळून ३०० माणसे मिळणे अवघड नाही. अवघड आहे ते पुढील वर्षी त्यांना टिकविणे. त्यांपैकी १०० जण गळाले, तर १ लाख २० हजारांची तूट येते आणि ग्रंथपालाचे मानधन प्रथम थांबते. मानधन थांबले की अभ्यासिका सायंकाळी उघडेनाशी होते, आणि दहावी-बारावीची जी मुले घरात जागा नसल्यामुळे तेथे येऊन बसतात, ती पुन्हा चावडीच्या किंवा देवळाच्या दिव्याखाली जातात.

हे १०० जण का गळाले, असे विचारले असता संस्थाचालक बहुधा लोकांच्या अनास्थेकडे बोट दाखवितात. प्रत्यक्षात पुष्कळदा असे आढळते की, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कोणी गेलेलेच नसते. पहिल्या वर्षीची स्थळप्रत कपाटात, पत्ते एका सदस्याच्या वहीत, दूरध्वनी क्रमांक दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीत आणि बँकेचे खातेपुस्तक तिसऱ्याच्या घरी, अशी स्थिती असल्यास कोणाची वर्गणी राहिली हे कळणार कसे? या कामासाठी महागड्या संगणकप्रणालीची मुळीच आवश्यकता नाही. एक्सेलमधील साधा तक्ता पुरतो. मात्र त्यात एका ओळीत एक वर्गणीदार न लिहिता एका ओळीत एक रक्कम लिहावी: दिनांक, पावती क्रमांक, नाव, पूर्ण पत्ता, भ्रमणध्वनी, पॅन क्रमांक, रक्कम, रोख की बँकेमार्फत, आणि कोणत्या कारणासाठी. शेवटचा रकाना विशेष महत्त्वाचा समजावा. पुस्तकांसाठी दिलेला पैसा वीजबिलात गेला, तर देणाऱ्यास त्याचे वाईट वाटते आणि ते रास्तही आहे.

येथे आपल्या भाषेपुरती एक अडचण सांगणे अगत्याचे आहे. अनेक शाळांतील लेखनिक अद्याप जुन्या मराठी टंकांत टंकलेखन करतात. त्या टंकांतील नावे दुसऱ्या संगणकावर वा भ्रमणध्वनीवर निरर्थक अक्षरे होऊन उमटतात आणि ‘कुलकर्णी’ हे नाव शोधू गेल्यास सापडत नाही. यादी आरंभापासूनच युनिकोडमध्ये ठेवावी. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकण्यास नियमित सरावाचे काही आठवडे लागतात. पण एकदा हात बसला की कार्यालयातील इतर सर्व कामांसही तो उपयोगी पडतो.

क्यूआर कोडची सोय व मर्यादा

२०१६ मध्ये यूपीआय पद्धत सुरू झाल्यापासून पैसे पाठविणे अतिशय सोपे झाले आहे. भाजीवाल्याच्या हातगाडीपासून देवस्थानापर्यंत सर्वत्र क्यूआर कोडचे फलक दिसतात. संस्थेच्या स्नेहसंमेलनात असा फलक लावला की संध्याकाळभरात बरीच रक्कम जमा होते, हा अनेकांचा अनुभव आहे. प्रथम पाहावयाचे ते हे की, तो कोड संस्थेच्या खात्याचा असावा. अध्यक्षांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक खात्याचा नव्हे. हेतू कितीही स्वच्छ असला, तरी वैयक्तिक खात्यात आलेल्या पैशाचा संस्थेचा पैसा म्हणून हिशेब देणे पुढे कठीण जाते.

दुसरी बाब कमी लोकांच्या ध्यानात येते. यूपीआयने आलेल्या रकमेबरोबर बँकेच्या उताऱ्यावर फार तर नाव व एक सांकेतिक पत्ता येतो. राहण्याचा पत्ता व पॅन क्रमांक येत नाही. आयकर कायद्याच्या दृष्टीने, ज्या देणगीदाराचे नाव व पत्ता संस्थेने नोंदविलेला नाही, ती देणगी निनावी ठरते. अशा निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यापलीकडे गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. फारच लहान संस्थेस ही मर्यादा सहसा गाठावी लागत नाही. तथापि नाव-पत्ता नसेल, तर पुढील वर्षी त्या देणगीदाराकडे जाता येत नाही, ही हानी कराहून मोठी आहे. यावर उपाय साधा आहे. फलकाशेजारी एक वही व एक विद्यार्थी बसवावा. ज्याने पैसे पाठविले त्याने तेथेच नाव, पत्ता व क्रमांक लिहावा आणि हातात पावती घ्यावी. नियमित वर्गणीसाठी, खातेदाराच्या संमतीने दरमहा रक्कम आपोआप वळती होण्याची सोयही २०२० पासून यूपीआयमध्ये उपलब्ध आहे. ती संस्थेच्या खात्यास जोडून घेता येईल काय, याची बँकेत चौकशी करावी.

करसवलतीचे प्रमाणपत्र

‘८०जी’ हे नाव संस्थाचालकांच्या तोंडी इतके बसले आहे की, ती मान्यता मिळाली म्हणजे देणग्यांचा ओघ सुरू होईल असे काहींस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. या सवलतीत सामान्यतः देणगीच्या ५० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. म्हणजे ६ हजार रुपये देणाऱ्याचे करपात्र उत्पन्न ३ हजारांनी कमी होते. त्यातही २ हजार रुपयांवरील रोख देणगीस व वस्तुरूप देणगीस ही सवलत लागू नाही. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून जी नवी करप्रणाली सर्वसाधारण प्रणाली म्हणून लागू झाली आहे, ती स्वीकारणाऱ्यास या सवलतीचा लाभ मिळतच नाही. तालुक्याच्या गावातील शिक्षक किंवा दुकानदार १०० रुपये देतो तो सवलतीसाठी देत नाही. मोठा देणगीदार व कंपनी मात्र हे कागद मागतात, म्हणून ते असावेत.

ते असले म्हणजे जबाबदारीही येते. २०२१-२२ पासून मान्यताप्राप्त संस्थेने वर्षभरातील देणग्यांचे विवरण पुढील ३१ मेपर्यंत आयकर विभागाच्या संकेतस्थळावर भरावे व तेथूनच निघणारे प्रमाणपत्र देणगीदारास द्यावे, अशी पद्धत आली. विवरणात नोंद नसल्यास देणगीदाराची सवलत नाकारली जाते. उशिरासाठी १९६१ च्या कायद्यात दररोज २०० रुपये शुल्क ठेवण्यात आले. त्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलतात. सबब जुन्या झेरॉक्सवर विसंबून न राहता सनदी लेखापालांकडून नमुना तपासून घ्यावा. वर सांगितलेला तक्ता व्यवस्थित ठेवलेला असल्यास हे विवरण एका दुपारी तयार होते. नसल्यास मे महिना पावत्या चाळण्यात जातो.

कंपन्यांच्या निधीविषयी थोडक्यात सांगता येईल. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार १ एप्रिल २०१४ पासून ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि त्या कार्यांत शिक्षणाचा समावेश आहे. परंतु बाहेरच्या संस्थेमार्फत काम करावयाचे झाल्यास तिला तीन वर्षांच्या कार्याचा पुरावा, आयकराच्या मान्यता व कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी लागते. शिवाय हा निधी सामान्यतः ठराविक प्रकल्पासाठी असतो. संगणककक्ष मिळतो, त्याचे वीजबिल, दुरुस्ती आणि तो उघडणाऱ्या माणसाचे मानधन मिळेलच असे नाही. लोकसहभागातून प्रोजेक्टर व टॅब घेतलेल्या शाळांतही हाच अनुभव येतो. खरेदीसाठी गाव उत्साहाने उभा राहतो. दोन वर्षांनी दिवा गेला की यंत्र कपाटात जाते. म्हणून वस्तूची वर्गणी काढतानाच तिच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीची रक्कम धरावी, असे सुचवावेसे वाटते.

परदेशस्थ गावकरी

मुरूड फंडाच्या काळी गावाबाहेरचा गावकरी फार तर मुंबईस असे. आज तो अमेरिकेत किंवा आखाती देशांतही असतो आणि गावच्या शाळेविषयी त्याला जिव्हाळा असतो. येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. परंतु त्याच गावच्या ज्या व्यक्तीने परदेशाचे नागरिकत्व पत्करले आहे, तिची देणगी, ती रुपयांत दिली तरी, विदेशी अंशदान ठरते. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी वा पूर्वपरवानगी असल्याखेरीज ती घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम यावा लागतो. म्हणून अशा हितचिंतकास, रक्कम घेण्यापूर्वी, नागरिकत्व विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

संगणक कोणी शिकावा

पुष्कळ संस्थांत एखादा होतकरू तरुण ही सर्व कामे करतो. ईमेल त्याच्या नावाचे, पासवर्ड त्याच्या ध्यानात, संकेतस्थळाची नोंदणी त्याच्या क्रमांकावर. त्याला शहरात नोकरी लागली की संस्था एका दिवसात आंधळी होते. यास त्या तरुणाचा दोष म्हणता येणार नाही. संस्थेच्या नावाचे ईमेल असावे. त्याचे पासवर्ड मोहोरबंद पाकिटात सचिवांच्या कपाटात ठेवावेत. बँक खाते दोघांच्या सहीने चालावे आणि तक्त्याची प्रत दरमहा वेगळ्या ठिकाणी ठेवावी. किमान दोघांना, त्यांपैकी एक वयाने पोक्त असावा, हे काम येत असावे. राज्यात २००१ पासून चालू असलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणकाचा परिचय गावोगाव झालेला आहे. शिकलेले हात उपलब्ध आहेत, त्यांना नेमके काम सोपविलेले नसते. विश्वस्त बदलल्यास त्याची नोंद ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे करावी लागते. ही नोंद वर्षानुवर्षे राहून गेल्यामुळे बँकेत नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या बदलून घेताना खोळंबा होतो.

मुलांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवून देणगी मागण्याचा प्रघातही वाढला आहे. पालकांच्या लेखी संमतीशिवाय तसे करू नये. अनवाणी मुलाचे छायाचित्र पैसे आणते हे खरे, पण ते मूल उद्या त्याच गावात मोठे होणार असते. त्याऐवजी अभ्यासिकेच्या हजेरीपटाचे किंवा नव्या पुस्तकांच्या यादीचे छायाचित्र पाठवावे.

कोकणात व देशावरही मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. ३१ मार्चचे हिशेब तोपर्यंत बेरजेस आलेले असतात आणि देणग्यांच्या विवरणाची मुदतही त्याच महिन्यात असते. शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत सदस्य व वर्गणीदार यांची एक बैठक त्या सुटीत शाळेच्या पडवीत घ्यावी, रक्कमवार जमाखर्च फळ्यावर लिहून ठेवावा आणि नव्या वर्गणीचा विषय मागील वर्षाचा हिशेब वाचून झाल्यावरच पुढे आणावा.