हातोडी त्याची, माशी माझी

"रशियन रायफल आहे ही, हिला अशीच वागवायची असते." हे वाक्य मला काउंटरपलीकडून ऐकवणारा माणूस स्वतःला गनस्मिथ म्हणवतो. दाराबाहेर तशी पाटीही आहे. नाव लिहीत नाही. इथे ओहायोत जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांना कळायचं ते कळेल. बाकीच्यांना नाव कळून उपयोग नाही, कारण असा एकेक नग गावोगावी बसलेला असतो.

माझी रायफल मोसिन-नागांत ९१/३०. १९४२ची, इझेव्स्क कारखान्यातली. नळीच्या मुळाशी त्रिकोणातला बाण स्वच्छ दिसतो (तुला कारखान्याची असती, तर तारा असता). युद्धाच्या ऐन धामधुमीतली असल्यामुळे तासकामाचे ओरखडे तसेच सोडलेले. पुढे सोव्हिएत आयुधशाळेत डागडुजी होऊन आलेली, दस्त्याला लाखेचं लालसर पॉलिश. लांबी १२३२ मिमी. संगीन लावली की एक मीटर सहासष्ट सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे माझ्या बायकोपेक्षा उंच. ती हे वाचणार आहे, असो.

संगीन लावायचीच कशाला, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. मराठी मंडळातल्या एका मित्राने तर खंडेनवमीच्या पूजेला ठेवणार का, असंही विचारून घेतलं. कारण साधं आहे. लाल सैन्यात ही रायफल संगिनीसकटच वागवायची रीत होती, संगिनीला म्यान सहसा दिलंच जात नसे. कारखान्यात नेम तपासून पुढची माशी (नेम धरायची नळीच्या टोकावरची काडी) पक्की केली जायची, तीही संगीन लावलेली असताना. नळीच्या टोकाला उजव्या अंगाला एवढं वजन आलं की गोळी सुटतानाची नळीची थरथर बदलते आणि गोळी वेगळ्या जागी लागते. माझी रायफल संगिनीशिवाय शंभर यार्डांवर जरा उजवीकडे मारायची, पाचएक सेंटिमीटर, पण अगदी इमानाने, दर वेळी तिथेच. कारखान्याने बसवलेला नेम खरा किती आहे, हे मला बघायचं होतं.

संगीन वेगळी विकत घेतली, एका गन शोमध्ये. विकणारा म्हणाला, "सगळ्या ९१/३०ला बसते." यावर कुणीही विश्वास ठेवू नये. या संगिनी मुळात त्या त्या रायफलीला जुळवून बसवलेल्या आणि रायफलीचाच नंबर त्यांच्यावर ठोकलेला. युद्धानंतरच्या डागडुजीत सगळं एकमेकांत मिसळलं. मग जुना नंबर रेघ मारून खोडायचा आणि नवा टाकायचा. माझ्या संगिनीवर एक नंबर खोडलेला आहे आणि दुसरा टाकलेला आहे, आणि दोन्ही माझ्या रायफलीचे नाहीत. ती घट्ट बसणार हे त्या नंबरांवरूनच दिसत होतं.

बसवायची रीत माहीत नसलेल्यांसाठी: संगिनीचं सॉकेट नळीच्या टोकावरून सरकवायचं, माशीचा ठोकळा सॉकेटच्या खाचेतून आत घ्यायचा, मग पाव वळसा द्यायचा. स्प्रिंगची कळ खट्कन लागते आणि पातं उजव्या अंगाला येतं. माझी संगीन अर्ध्यावर अडायची.

हेडस्पेस (काडतूस बसायची जागा आणि बंद बोल्ट यांच्यातलं अंतर) तपासायला रायफल दुकानात द्यायचीच होती, म्हणून संगीनही सोबत दिली. काय करायचं ते शब्दाशब्दाने सांगितलं: सॉकेटच्या आतून बारीक पॉलिश पेपरने हळूहळू मोकळी कर, नळीला हात लावू नकोस, घाई अजिबात नाही. पावतीवर तसं लिहूनही घेतलं. ही पावती पुढे फार कामाला आली.

रायफल परत घ्यायला गेलो, तर संगीन चढवून भिंतीला टेकवून ठेवलेली. गडी खूष. कळ दाबून मी ती फिरवायला गेलो, तर हलेना. "थांब," म्हणून त्याने बाकावरची लोखंडी हातोडी उचलली आणि माझ्या डोळ्यांदेखत संगिनीच्या कोपरावर, जिथे पातं सॉकेटला जोडलेलं असतं तिथे, ठाण ठाण घाव घालून ती उतरवली. मी ओरडलो. तो हसला आणि वर लिहिलेलं ते वाक्य त्याने तेव्हाच ऐकवलं. सॉकेटच्या आत बघितलं, तर पॉलिश पेपर फिरवल्याची एक खूण नाही. नुसते ठोकून चढवल्याचे लांब, चकचकीत ओरखडे. बिलात मात्र 'संगीन बसवणे, श्रम' अशी वेगळी ओळ, पस्तीस डॉलर.

पुढच्या आठवड्यात रेंजवर गेलो. संगीन घरीच ठेवली होती. त्याच डब्यातल्या गोळ्या, तोच बाक, तेच शंभर यार्ड. गोळ्या एकमेकींना धरून होत्या, पण मध्यापासून दहा सेंटिमीटर डावीकडे! आयुष्यभर उजवीकडे मारणारी रायफल एकाएकी डावीकडे कशी गेली? आधी वाटलं वारा असेल, पण झाडाचं पानही हलत नव्हतं. दस्त्याचे स्क्रू बघितले, घट्ट होते. शेजारच्या बाकावरच्या माणसाला मारून बघायला सांगितलं, त्याच्याही गोळ्या डावीकडेच.

मग रायफलीचं बोल्ट काढलं, ती आडवी केली आणि चष्मा कपाळावर सरकवून माशी डोळ्यांजवळ आणली. ९१/३०ची माशी ठोकळ्यावरच्या आडव्या खाचेत बसते, डावीउजवीकडे ठोकून सरकवता येते. नेम पक्का झाला की माशी आणि ठोकळा यांच्यावरून छिन्नीने एकच सरळ रेघ मारायचे, पुढे कुणी माशी हलवली तर कळावं म्हणून. माझ्या रायफलीवर ती रेघ होती, केसासारखी बारीक. मी ती असंख्य वेळा बघितलेली. ऊन तिरकं पडत होतं, त्यामुळे नीट दिसलं. रेघेचे दोन तुकडे झाले होते. ठोकळ्यावरचा तुकडा जागच्या जागी, माशीवरचा उजवीकडे सरकलेला, मिलिमीटरभर. आणि माशीभोवतीच्या गोल कड्याला डाव्या बाजूने एक ताजा, चकचकीत खड्डा. हातोडीच्या कडेएवढाच.

ऐंशी वर्षं एका रेघेत राहिलेली ती खूण. युद्धातून गेली, आयुधशाळेतून गेली, दशकानुदशकं ग्रीसमध्ये पडून राहिली, जहाजातून इकडे आली, तरी ती हलली नव्हती. हलली ती पस्तीस डॉलर घेऊन.

हिशेब सोपा आहे. मागच्या दृष्टीपट्टीपासून माशीपर्यंतचं अंतर सुमारे ६२ सेंटिमीटर. माशी एक मिलिमीटर सरकली की शंभर यार्डांवर गोळी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास सरकते, तीही उलट्या दिशेला: माशी उजवीकडे, तर गोळी डावीकडे. पाच सेंटिमीटर उजवीकडची गोळी दहा सेंटिमीटर डावीकडे गेली, बेरीज करा.

हे सगळं घेऊन मी दुकानात गेलो. तो आधी म्हणाला, "मोसिनची संगीन काढली की नेम हलतोच, सगळ्यांना माहीत आहे." ही युक्ती मला अपेक्षित होती. मी दोन टार्गेटं काउंटरवर ठेवली: एक दुकानात देण्याआधीचं, एक नंतरचं, दोन्ही संगिनीशिवाय मारलेली, दोन्हींवर तारीख. मग तो म्हणाला, रायफल घरी माझ्याच हातून पडली असणार. रायफल देताना काढलेला फोटो मी फोनवर दाखवला. त्यात रेघ अखंड दिसते आणि कड्यावर खड्डा नाही. "मग आणतानाच गाडीत आदळली असेल." फोटो त्याच्याच काउंटरवर काढलेला होता, मागे त्याचंच कॅलेंडर. शेवटी त्याने हात झटकले: जुन्या रायफलीत असं व्हायचंच. त्याने पस्तीस डॉलर परत केले आणि वर सफाईच्या सामानावर दहा टक्के सवलतीचं एक कूपन दिलं. माफीचा शब्द नाही.

तेव्हा, कुणालाही रायफल देण्याआधी माशीचे फोटो काढा. वरून, दोन्ही बाजूंनी, खुणेची रेघ स्पष्ट दिसेल असे, आणि दुकानातच काढा. काय करायचं आणि काय करायचं नाही, हे पावतीवर लिहून घ्या. अमेरिकेत परवानाधारक दुकानात रायफल रात्रभर राहिली, तर ती आल्यागेल्याची नोंद त्यांना त्यांच्या वहीत करावीच लागते. तुमच्यादेखत काम करून त्याच दिवशी परत दिली, तर त्या नोंदीची सक्ती नसते. म्हणजे रायफल कोणत्या दिवशी कुणाच्या ताब्यात होती, हा वाद रात्रभर ठेवलेल्या रायफलीच्या बाबतीत चालत नाही. आणि जुन्या टार्गेटांवर तारीख, गोळ्यांची जात आणि अंतर लिहून ठेवत जा. लोक हसतात. हसू द्या.

आता संगिनीचं. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा आणि बोल्ट काढून बाजूला ठेवा. हातात जाड कातडी मोजे घाला. हे पातं चौधारी आणि खोल पन्हाळीचं, पण टोक स्क्रूड्रायव्हरसारखं चपटं असतं (रायफलीचे स्क्रू त्यानेच काढायचे असत). बोथट दिसलं तरी जोर लावताना हात सटकला तर तळव्यात घुसतं. नळीच्या तोंडावर कधीही काही आपटू नका.

निम्म्या घट्ट संगिनी नुसत्या घाणीने घट्ट असतात. सॉकेटच्या आत आणि माशीच्या ठोकळ्याच्या कडेला ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं. मिनरल स्पिरिट्सने ते सुटतं. सॉकेट एकटं असेल, तर उकळत्या पाण्यात घाला, मग लगेच पुसून तेल लावा. स्पिरिट म्हणून अल्कोहोल मात्र घेऊ नका, दस्त्यावर थेंब पडला की लाखेचं पॉलिश विरघळतं आणि डाग कायमचा राहतो.

धुऊनही अडत असेल, तर कुठे अडतंय ते शोधा. मी दिव्याची काजळी वापरतो. समईच्या ज्योतीवर जुना चमचा धरायचा, ती काजळी कापसाने नळीच्या टोकाला अगदी पातळ लावायची, संगीन हाताने जाईल तेवढीच चढवायची आणि काढायची. सॉकेटच्या आत जिथे काळं लागलं असेल, तेवढंच घासायचं. लाकडी दांडीला ३२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून चार हात मारायचे, पुसायचं, पुन्हा काजळी. शेवटी ६०० नंबरचा. कंटाळवाणं काम आहे. कानस लावायची नाही. नळी घासायची तर अजिबात नाही. संगीन चुकली तर दुसरी मिळते, पण नळीच्या टोकाशी खेळ केला तर रायफलीची किंमत आणि नेम दोन्ही जातात. अगदीच टोला द्यायची वेळ आली, तर लाकडी मोगरी घ्या, माशीवर जाड कातडं गुंडाळा आणि घाव सॉकेटच्या काठावर द्या. कोपरावर कधीच नको.

संगिनीचा नंबर तुमच्या रायफलीशी मुळापासून जुळत असेल, तर मात्र घासू नका, ती जोडी तशीच राहू द्या. जुळत नसेल, तर घासण्याआधी दोनतीन संगिनी लावून बघा, गन शोमध्ये चांगला विक्रेता तेवढं करू देतो. मोसिनच्याच आखूड भावंडांपैकी एम-४४ला संगीन घडीची, जोडलेलीच असते, आणि एम-३८ला ती लावायची सोयच नाही. तेव्हा त्यांच्यासाठी कुणी संगीन विकत असेल, तर पुढे चला.

लावलेली संगीन तशीच ठेवून देऊ नका. जुन्या लष्करी गोळ्यांच्या प्राइमरमधला क्षार मागे राहतो आणि ओल धरतो. दमट तळघरात सॉकेट नळीला गंजून चिकटलं, की पुन्हा हातोडीवाल्याच्या दारात. मारून झालं की नळी आधी पाण्याने, मग तेलाने साफ करा. आणि भारतात जाताना आठवण म्हणून संगीन सामानात टाकायचा विचार असेल, तर सोडून द्या. तिकडे ती शस्त्र कायद्यात शस्त्र म्हणूनच मोजली जाते, 'नुसतं पातं आहे' हे विमानतळावर कुणी ऐकून घेणार नाही.

माशी मी स्वतःच जागेवर आणली. पितळी पंच, हलके ठोके, रेघेचे दोन तुकडे पुन्हा एक होईपर्यंत. कड्यावरचा खड्डा जाणार नाही, रायफल विकताना तो घेणाऱ्याला दाखवावाच लागेल. संगीन आता हाताने चढते, कळ आपोआप लागते. संगीन लावून मारायला आधी रेंजवाल्यांना विचारून घेतलं, कारण सगळीकडे चालत नाही. गोळ्या उजवीकडून मध्याच्या रेषेवर आल्या, जरा वर. इझेव्स्कवाल्यांचं काम चोख होतं. दहा टक्क्यांचं कूपन माझ्याकडे तसंच पडून आहे, डिसेंबरपर्यंत चालतं. कुणाला हवं असेल तर घेऊन जा.